पाव पोतं गहू भिजत

मी एसटीत कंडक्टर. त्यामुळं आवाज मोठा आणि राग त्याहून मोठा. दिवसभर ‘पुढं सरका, मागची जागा भरा’ करून घसा बसतो, पण घरी आल्यावर भांडायला पुरेल एवढा उरतोच. त्या उन्हाळ्यात एकदा मी लागोपाठ मुक्कामी गाड्या करून तिसऱ्या दिवशी जालन्याला परत आलो, दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभा राहिलो. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन मोठी पातेली, कुकर, नवी बादली, पिठाचा डबा, एवढंच काय, माझा जेवणाचा डबासुद्धा, सगळं पाण्यानं भरलेलं आणि पाण्यात गहू. घरभर आंबूस वास सुटला होता. बायको माझ्या आधी तासभर माहेराहून आली होती. ती खुर्चीवर डोक्याला हात लावून बसली होती आणि मधूनमधून हसत होती.

“माय, हे काय?” मी विचारलं.

“कुरडयाचे गहू,” माय म्हणाली. “औंदा कमीच घातलेत. पाव पोतं.”

पाव पोतं. खाणारी तोंडं तीन, त्यातलं एक मायचं, आणि माय चिमणीएवढं खाते. मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. पिण्याच्या पाण्याचा ड्रम तिनं अर्धा केला होता आणि आमच्या नळाला पाणी येतं आठ-आठ दिवसांनी, तेही लहर लागली तर. मी विचारलं, “एवढ्या कुरडया करणार कोण?” माय लगेच म्हणाली, “बाया येतील की.”

आणि म्हणता म्हणताच गप्प झाली. मी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि माझा राग एकदम खाली बसला. तिच्या तेव्हा लक्षात आलं होतं की बाया इथं नाहीत. बाया गावाकडं.

हे जरा सांगायला पाहिजे. आमचं गाव भोकरदनच्या पलीकडं. तिथं कुरडयाचे गहू खाणाऱ्या तोंडांवर मोजत नाहीत, करणाऱ्या हातांवर मोजतात. एकीनं गहू भिजत घातले की गल्लीत आपोआप कळतं. चीक शिजवायच्या दिवशी उजाडायच्या आत पाच-सात जणी दारात हजर. कुणी बोलवत नाही, कुणी विचारत नाही. मायनं जन्मभर तसेच गहू घातले होते. जालन्याच्या कॉलनीत आल्यावरही तिचा हात त्याच मापानं पोत्यात गेला. तिच्या हाताला कोण सांगणार की आता गल्ली बदलली.

मायला मी होळीनंतर इकडं आणलं होतं. न्हाणीत पाय घसरून पडली होती, आणि अर्धा दिवस तशीच पडून राहिली होती. शेजारीण ताक मागायला आली म्हणून कळलं. हाड मोडलं नाही, नशीब. पण मी तेव्हापासून गाडीत तिकिटं फाडतानासुद्धा मनात तेच बघायचो. माय पडलीय आणि दाराला आतून कडी आहे. मी तिला म्हणालो, आता इथंच राहा. ती म्हणाली, “महिनाभर राहते. करमलं तर करमलं. न्हाई तर तूच नेऊन घाल, तुझ्याच गाडीत.” मी हो म्हणालो. बोललो ते बोललो. आणि तिला अजिबात करमत नव्हतं. सकाळी चहा पिऊन ती दारात बसायची. स्कूटी जायच्या, मोटारसायकली जायच्या, फाटकं उघडायची आणि लागायची. “इथं मान्सं राह्यतेत का निस्ती गाड्या राह्यतेत?” असं तिनं मला एकदा विचारलं. महिना संपायला आला होता. पुढच्या गुरुवारी मी तिला गावी घालायला रजासुद्धा टाकून ठेवली होती.

तर त्या संध्याकाळी माय गव्हांकडं बघत म्हणाली, “दे फेकून. आन् मला उद्याच नेऊन घाल.”

आवाज अगदी बारीक. माय भांडली असती तर मला बरं वाटलं असतं, माझ्या भांडखोरपणाचं मूळ तीच आहे. पण ती नुसती बोटांनी पाण्यातले गहू चाचपत बसली.

“फेकायचं न्हाई,” मी म्हणालो. “कुरडया होणार.”

“कोण करणार?” बायकोनं विचारलं. रास्त प्रश्न होता. ते गहू आता ना वाळवता येत होते, ना ठेवता. दाबला की दाण्यातून पांढरं दूध निघत होतं. म्हणजे दुसऱ्या दिवशी दळायचे, चाळायचे, रात्रभर चीक खाली बसू द्यायचा आणि परवा सकाळी शिजवायचा. चीक कुणासाठी थांबत नाही. शिजला की गरम आहे तोवरच सोऱ्यातून पडतो. गार झाला की दगड.

“आपण करू,” मी म्हणालो.

बायको माझ्याकडं बघून एवढी हसली की मायलाही हसू आलं. तेवढ्यावर मी खूश झालो.

दुसऱ्या दिवसापासून दोन दिवस मला सुट्टी होती. मी ओले गहू दोन पोत्यांत भरून गिरणीत नेले. उन्हाळ्यात कुरडयाचे गहू दळून देणारी एक गिरणी बाजाराकडं आहे. तिथं रांगेत सगळ्या बायाच, मी एकटा बाप्या. एकीनं विचारलं, “भाऊ, घरी कार्य हाय का?” मी म्हणालो, “हाव, आईचं माहेरपण हाय.” आता हे मी का बोललो ते मला माहीत नाही, पण रांगेतल्या बायांनी मला पुढं घेतलं. घरी आल्यावर तिघांनी मिळून तो लगदा पाण्यात कालवला, पिळला, फडक्यातून गाळला. कोपरापर्यंत हात पांढरे झाले. माय अंदाज सांगत होती आणि आम्ही राबत होतो. चोथा एकीकडं, दूध एकीकडं. बघता बघता दोन पातेली भरून दुधासारखं पाणी झालं. मला वाटलं, झालंच की. माय म्हणाली, “आजून कायबी झालं न्हाई लेका.”

मग संध्याकाळी मी कॉलनीत निघालो. मी रोज शेकडो अनोळखी माणसांशी बोलतो, सुट्ट्या पैशांवरून भांडतो, कुणाचं लेकरू मांडीवर घेतो. पण माझ्या स्वतःच्या गल्लीत दार वाजवायला हात उचलेना. आठ वर्षं झाली राहून. समोरच्या घरी एक मास्तरीणबाई राहतात एवढं माहीत होतं, तेही त्यांच्या स्कूटीवरून. त्यांच्या दारात उभा राहिलो आणि गाडीतल्या आवाजात सुरू झालो, “बाई, आमच्या मायनं पाव पोतं गहू भिजत घातलेत, उद्या सकाळी कुरडया हायेत, गच्चीवर या.” त्या घाबरल्या. मला वाटतं, वर्गणी मागायला आलोय असं त्यांना वाटलं. “कुरडया विकत मिळतात की हो,” म्हणाल्या. मग म्हणाल्या, “बघते.”

कोपऱ्यावर वरच्या मजल्यावर बिहारची एक नवी सून भाड्यानं राहते. नवरा लोखंडाच्या कारखान्यात. तिनं दार बोटभर उघडलं. मी हिंदीत समजावलं. तिला कुरडई काय ते कळेना, मी हातानं हवेत गोल गोल फिरवून दाखवलं, आणि तिनं दार लावून घेतलं. बरोबरच आहे, दारात एक जाडा माणूस हवेत जिलेब्या पाडतोय म्हटल्यावर मीही लावलं असतं. मागच्या गल्लीत चाची राहतात. त्यांच्या नवऱ्याचा मोसंबीचा गाडा आहे, तेवढ्यापुरती ओळख. चाचींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “पाव बोरा? इत्ता कायकू भिगाया रे भाई?” मी म्हणालो, “आदत हाय.” चाची बघत राहिल्या. “येते” म्हणाल्या नाहीत, “नाही येत” म्हणाल्या नाहीत. आणखी दोन-तीन घरं फिरलो. सगळीकडं ‘बघू’. कंडक्टरला ‘बघू’ म्हणजे काय ते पक्कं कळतं. ‘पुढच्या स्टॉपवर देतो पैसे’ म्हणणारा माणूस पुढच्या स्टॉपवर उतरून जातो.

घरी मायनं विचारलं, “कोण येतंय?”

“बघू म्हणाल्या.”

मायनं दिवा मालवला. अंथरुणावर पडली आणि भिंतीकडं तोंड केलं.

सकाळी उजाडायच्या आत आम्ही तिघं गच्चीवर. मंडपवाल्याकडून मोठी शेगडी आणि पातेलं आणलं होतं. वरचं निवळलेलं पाणी मायनं अलगद ओतून काढलं, आणि खाली बघतो तर काय, पांढराशुभ्र, घट्ट, गुळगुळीत चीक. बोट लावलं तर बोटाचा ठसा उमटायचा आणि हळूच मिटायचा. मी तीनदा बोट लावलं, चौथ्यांदा मायनं हातावर चापट मारली. पाण्याला आधण आलं, मीठ पडलं, जिरं पडलं, माय धारेनं चीक सोडायला लागली आणि मला म्हणाली, “हाट. थांबू नको. थांबला की गुठळी.”

मी लाकडी दांडा धरला आणि हाटायला लागलो. सुरुवातीला वाटलं, एवढंच होय. मग तो चीक शिजायला लागला. शप्पथ सांगतो, घाटात बंद पडलेली बस ढकलणं सोपं. दांडा धरून ठेवतो तो. घाम डोळ्यांत, दंड भरून आलेले, माय कानाशी, “हाट रे, हाट, बुडाला लागंल.” पांढरा रंग हळूहळू काचेसारखा झाला, चकाकायला लागला, बुडबुडे फुटायला लागले, आणि मायनं झाकण ठेवलं. पहिला घाणा झाला. आता तो दहा-पंधरा मिनिटांत सगळा सोऱ्यातून पाडायचा. सोऱ्या एक, दाबणारी बायको एक, आणि पातेलं भरून चीक. बायकोनं चार कुरडया पाडल्या आणि तिचे तळहात लाल झाले. मी घेतला सोऱ्या. माझी कुरडई कुरडईसारखी कमी आणि पायताणासारखी जास्त दिसत होती. माय चीक भरून देत होती, पण तिच्या हातात जोर नव्हता. पातेल्यातला चीक कडेनं गार व्हायला लागला. अजून तीन घाणे बाकी. सूर्य वर आला होता. माय जिन्याच्या दाराकडं एकदा बघायची, पातेल्याकडं एकदा. मी तिच्याकडं बघायचं टाळलं. मनात म्हटलं, गेली. उद्याच जाईल ही.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. चाची होत्या. हातात स्वतःचा पितळी सोऱ्या, घरून आणलेला. वर आल्या, एकदा माझ्या कुरडयांकडं बघितलं आणि म्हणाल्या, “हटो भाई, ये तुम्हारा काम नै.” मला बाजूला केलं, पदर खोचला आणि बसल्या. आणि काय सांगू, चर्रकन एक गोल, त्यावर एक गोल, हात वर, संपलं. बोट लावून तुटलेली तार आत सारली, पुढची. मायचं तोंड उघडं राहिलं. “कुठं शिकली वं?” मायनं विचारलं. चाची म्हणाल्या, “परतूर की हूं मैं. वहाँ सब करते.” झालं. दोघी परतूरच्या कुठल्याशा आठवडी बाजारावर घसरल्या.

मग मास्तरीणबाई आल्या. गाउनवर ओढणी, डोळ्यांत झोप. म्हणाल्या, “वास आला खालपर्यंत.” त्यांच्यामागं औषध दुकानवाल्याची बायको, हातात प्लॅस्टिकचा मोठा कागद. आणि सगळ्यात शेवटी ती बिहारची सून, जिन्याच्या दाराशी अर्धी आत, अर्धी बाहेर. मी तिच्याकडं बघून हवेत हात गोल फिरवला तशी ती फस्सकन हसली आणि आत आली. मायनं तिला आपल्या शेजारी बसवलं, तिच्या हातावर आपला हात ठेवला आणि सोऱ्या दाबायला शिकवलं. एकीला मराठी येत नाही, दुसरीला हिंदी. मायचं चालूच, “हां, आस्सं. आता सोड. सोड म्हन्ते ना बाई.” आणि ती सोडायची, बरोब्बर.

दुसरा घाणा बघता बघता उडाला. तिसऱ्याला मास्तरीणबाई दांडा माझ्या हातातून घेऊन स्वतः हाटायला लागल्या. चार वेळा फिरवला आणि म्हणाल्या, “अगं बाई, हे तर जिमपेक्षा भारी.” औषध दुकानवाली म्हणाली, “मग फी द्या.” हसणं काय, आरडाओरडा काय, शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी वाकून बघितलं तर चाचींनी त्यांनाही हाक मारली. बाया कुरडया पाडत पाडत एकमेकींचं सगळं काढत होत्या. कुणाची सून कशी, कुणाच्या नवऱ्याचं पोट किती. आठ वर्षांत मला जे कळलं नाही ते त्या एका सकाळी कळलं. गच्चीचा अर्धा भाग पांढऱ्या चक्रांनी भरला. उन्हात कुरडया नुसत्या चमकत होत्या. आणि मी, ज्याला घरात पाण्याचा तांब्या हातात लागतो, मी कागदाची टोकं ओढत, विटा ठेवत, पातेली उचलत, नाचायचा राहिलो होतो एवढंच.

शेवटचा घाणा मायनं सगळा पाडू दिला नाही. ताटल्या आणल्या. गरम गरम चीक, मधे बोटानं खळगा, खळग्यात कच्चं शेंगदाण्याचं तेल, वर लाल तिखट. ज्याला नको त्याला दूध-साखर. अहाहा. पहिला घास जिभेला असा चटका देतो की डोळ्यांत पाणी, पण थांबवत नाही. तो दातांखाली येतच नाही, नुसता घरंगळतो. मी दोन ताटल्या खाल्ल्या, तिसरी मागितली तेव्हा बायकोनं डोळे मोठे केले. चाचींनी आधी तेल-तिखट, मग दूध-साखर, दोन्ही खाल्लं. बिहारच्या सुनेनं पहिला घास घेतला, थांबली, आणि मायकडं बघून नुसती मान हलवत राहिली. पाच-सात माणसं उन्हात गच्चीवर बसून ताटली चाटतायत, हात चिकट, केसांत चीक, आणि जगात दुसरं काहीही नको. मी लग्नांत जेवलो, हॉटेलांत जेवलो, पण एवढा आनंद मला कशात झाल्याचं आठवत नाही. खरं सांगतो.

मायनं स्वतः घासभरच खाल्लं. पण ती सगळ्यांच्या ताटल्यांकडं बघत होती. कुणाची रिकामी झाली की वाढायची. ‘बास’ म्हणायची सोय नव्हती.

निघताना मास्तरीणबाई म्हणाल्या, “मावशी, मला उडदाचे पापड लाटायचेत, पण एकटीला जमत नाही.” मायनं लगेच विचारलं, “कधी?” चाची म्हणाल्या, “मेरी सेवयां जुम्मेरात को.” मायनं मला विचारलं, “जुम्मेरात म्हंजी?” मी म्हणालो, “गुरुवार.” मग ती बिहारची सून पुढं आली, तिनं पोटावर हात ठेवला, लाजली आणि हळूच काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. पण मायनं ते भाषेशिवायच समजून घेतलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि दोन्ही हातांची बोटं आपल्या कानशिलावर मोडली.

आता गुरुवार तर माझ्या रजेचा. मला वाटलं, माय विसरली असेल. मीही आठवण दिली नाही, कारण मला दिवस मोजायचेच नव्हते. पण दिलेला शब्द होता. गुरुवारी सकाळी आंघोळ केली, कपडे घातले, साडेनवाची भोकरदन गाडी कुणाकडं आहे ते विचारून ठेवलं. जड पायांनी मायच्या खोलीत गेलो तर खोली रिकामी. बायको म्हणाली, “त्या उजाडताच गेल्या चाचींकडं.”

चाचींच्या गच्चीवर माय मांडी घालून बसली होती. समोर परात, हाताला पीठ, शेवयांच्या तारा तिच्या बोटांतून लांबच लांब सुटत होत्या. सगळ्या त्याच बाया. बिहारची सून एका उशीला टेकून, तिला काम करू देत नव्हत्या. मी जिन्याच्या दारात उभा राहिलो.

“माय, गाडीची वेळ झाली. जायचं ना?”

तिनं मान वर केली नाही. “कुठं जातो लेका. या समद्यांचे हात माझ्यावर हायेत. ते फेडल्याबिगर गाव सोडून जायची रीत हाय का आपल्यात?”

“बरं, मग फेडून झाले की नेतो.”

तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं. लहानपणी मी काही बावळटासारखं बोललो की बघायची, अगदी तसं.

“त्या मंग पुन्हा येतील की माझ्याकडं. येड्या, हे कधी फिटत असतंय का?”

रजा टाकलेलीच होती. मी चपला काढल्या आणि शेवया वाळवायच्या काठ्या धरायला आत गेलो.